वारसा जपायचा तर आधी वारसांची यादी करा

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या सव्हाना शहरात वास्तुजतन शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीला उन्हाळ्यात दहा आठवडे दक्षिण कॅरोलिनातल्या सेंट हेलेना बेटावर, गुल्ला-गीची लोकांच्या एका वस्तीबरोबर काम करायचं आहे. वस्तीला स्वतःचं वारसा मंडळ उभं करायचंय. तिचा बेत असा: वीस ज्येष्ठांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, जुन्या प्रेज हाउसची, म्हणजे वस्तीच्या छोट्या प्रार्थनाघराची, डागडुजी करून त्यात छोटं संग्रहालय मांडायचं आणि जाता जाता अनुदानाचा अर्ज करायचा. हे दहा आठवड्यांत बसेल का, आणि अशी कामं कुठे फसतात?

बसणार नाही. ओढूनताणून बसवलंत तरी क्रम उलटा होईल. या किनाऱ्यावर वारशाचं काम जमिनीपासून सुरू होतं, मग दफनभूमी, मग हातातली कसबं. मुलाखती या तिन्हींच्या जोडीने चालतात. संग्रहालयाचं नाव पहिली दोन वर्षं काढलं नाही तरी कुणाचं काही अडत नाही. जमीन गेली की माणसं पांगतात, आणि मग संग्रहालय बघायला फक्त पर्यटक येतात.

हे असं का, ते कळायला थोडा इतिहास लागतो. सेनेगलपासून सिएरा लिओनपर्यंतच्या भातशेतीच्या किनाऱ्यावरून आणि अंगोलाच्या बाजूने गुलाम करून आणलेल्या लोकांचे गुल्ला-गीची हे वंशज. बेटांवर गोऱ्यांची वस्ती तुरळक, म्हणून भाषा, टोपल्या, जाळी, प्रार्थनेची रीत टिकून राहिली. अमेरिकी यादवी युद्धात, नोव्हेंबर १८६१ मध्ये, उत्तरेच्या नौदलाने पोर्ट रॉयल घेतलं तेव्हा मळेवाले पळाले आणि सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. १८६२ मध्ये सेंट हेलेनावर मुक्त झालेल्यांसाठी पेन स्कूल ही शाळा सुरू झाली. १८६३ पासून मळेवाल्यांच्या थकीत करापोटी जप्त झालेल्या जमिनी विकायला निघाल्या आणि मुक्त झालेल्या लोकांनी पैसे जमवून त्या विकत घेतल्या. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनच्या हुकमाने या किनाऱ्यावर चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे वाटायला काढले होते, ते त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने बहुतेक ठिकाणी परत घेतले. सेंट हेलेनावर मात्र पुष्कळांच्या हातात पक्की खरेदीखतं होती. या बेटाचं वेगळेपण इथे आहे, आणि आजचं दुखणंही इथेच सुरू होतं.

खरेदीखत पणजोबांच्या नावावर, मृत्युपत्र कुणाचंच नाही. गोऱ्यांच्या न्यायालयावर विश्वास ठेवायचं कारण नव्हतं, वकील परवडत नव्हता. जमीन वारसांकडे कागदाविना उतरत गेली. तिला तिकडे 'एअर्स प्रॉपर्टी', म्हणजे वारसांची मालमत्ता, म्हणतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर मयताचं नाव तसंच राहतं, फेरफार होत नाही आणि इतर हक्कात पंचवीस नावं घुसतात, तसला प्रकार. फरक इतकाच, की तिथे ती पंचवीस नावंही कुठे लिहिलेली नसतात.

हिशेब करून बघा. मूळ मालकाला चार मुलं, प्रत्येकाला चार, त्यांना पुन्हा चार. पणतवंडांपर्यंत ६४ सहहिस्सेदार, प्रत्येकाचा हिस्सा १/६४. दहा एकर जमिनीत तो सव्वासहा गुंठे होतो, पण कुठले सव्वासहा गुंठे हे कुणीच सांगू शकत नाही, कारण प्रत्येकाचा हक्क संपूर्ण जमिनीवर असतो. फिलाडेल्फियात राहणाऱ्या, बेट कधीही न पाहिलेल्या एखाद्या चुलत नातवाकडून बिल्डरने हा १/६४ हिस्सा विकत घेतला की तोही सहहिस्सेदार झाला आणि वाटणीचा दावा लावायला मोकळा. ६४ तुकडे पाडणं व्यवहार्य नाही म्हणून न्यायालय पूर्वी सरळ लिलावाचा हुकूम द्यायचं आणि लिलावात रोख पैसा एकाच पक्षाकडे असायचा.

हे थोपवण्यासाठी २०१० मध्ये वारसांच्या सामाईक जमिनीच्या वाटणीचा एक नमुना कायदा तयार झाला. जॉर्जियाने तो २०१२ मध्ये मंजूर केला. दक्षिण कॅरोलिनाने २०१६ मध्ये तो मंजूर करताना चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये मारले गेलेले राज्य सिनेटर क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव त्याला दिलं. आधी बाजारभाव ठरवायचा. मग ज्याने विक्री मागितली त्याचा हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी बाकीच्या सहहिस्सेदारांना. नमुना मसुद्यात 'घेतो' असं सांगायला ४५ दिवस आणि त्यानंतर पैसे भरायला निदान ६० दिवस आहेत. ते जमलं नाही तर प्रत्यक्ष वाटणी शक्य आहे का ते बघायचं आणि अगदी शेवटी विक्री, तीही दलालामार्फत खुल्या बाजारात. कायदा चांगला आहे, पण तो विक्री अडवत नाही, वेळ मिळवून देतो. साठ दिवसांत चाळीस चुलत भावंडांकडून पैसे गोळा होत नाहीत. म्हणून ज्या घराण्याचा सामाईक निधी दावा लागण्याआधीपासून बँकेत असतो, त्याच घराण्याला या कायद्याचा खरा उपयोग होतो. महिना दहा-वीस डॉलर का होईना, पण आजपासून.

तुमचं पहिलं काम म्हणजे वंशावळ. एका घराण्यासाठी एक तक्ता आणि प्रत्येक माणसामागे हे रकाने: कागदोपत्री नाव, घरातलं नाव, जन्म, मृत्यूची तारीख आणि ठिकाण, लग्नं (सगळी), मुलं (लग्नाबाहेरची आणि दत्तक धरून), मृत्युपत्र होतं का, शेवटचा पत्ता. घरातल्या नावाचा रकाना गाळू नका. गुल्ला घरांत 'बास्केट नेम' असतं, लहानपणी ठेवलेलं आणि आयुष्यभर चालणारं, पुष्कळदा आफ्रिकी मुळाचं. सगळं बेट ज्या माणसाला एका नावाने ओळखतं, तो मृत्यूदाखल्यावर दुसऱ्याच नावाने असतो. हा रकाना नसला की एका माणसाचे दोन होतात आणि हिस्से चुकतात.

माहिती कुठे मिळते? सर्वांत आधी अंत्यविधीच्या छापील पुस्तिका. कृष्णवर्णीय चर्चमध्ये त्या जपून ठेवतात आणि त्यात मागे राहिलेल्यांची नावं गावांसकट असतात. मग घरचं बायबल, मृत्यूदाखले, जनगणना. १८७० ची जनगणना महत्त्वाची, कारण पूर्वी गुलाम असलेल्यांची नावं तीत पहिल्यांदा सरसकट येतात. सर्वांत अलीकडची खुली जनगणना १९५० ची. मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेची बेटाजवळच्या ब्यूफर्ट गावात शाखा होती. तिच्या खातेनोंदींत आईवडील, भावंडं, आधीचा मालक अशी माहिती सापडते.

वेळही साधा. निम्मे वारस न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टनकडे असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुटुंबमेळ्यासाठी बेटावर येतात. गणपतीला चाकरमानी गावी आले की सामाईक जमिनीचा विषय निघतो, तसंच. मेळ्याच्या दिवशी जेवणाच्या मंडपात तीन-चार मीटर लांबीचा कागद पसरून ठेवा, मधोमध मूळ पूर्वज लिहा, बाजूला पेन्सिली ठेवा. दुपारभरात जे भरतं ते ईमेलने सहा महिन्यांत भरत नाही. संध्याकाळी कागद गुंडाळून घराण्याच्या प्रमुखाकडे द्या आणि छायाचित्रं फक्त त्यांच्या परवानगीने. ही वंशावळ कुठल्याही संकेतस्थळावर चढवू नका. दूरचा, गरजू, बेटाशी संबंध न उरलेला वारस कोण हे शोधायला जमीन-दलालांना नेमकी हीच यादी हवी असते.

यापुढे वकील. तुम्ही कायद्याचा सल्ला द्यायचा नाही. सांगायचं ते इतकंच. या राज्यात मृत्यूला दहा वर्षं उलटली की नेहमीचं प्रोबेट, म्हणजे न्यायालयामार्फत वारसांच्या नावे मालमत्ता करून घेणं, करता येत नाही, मग वारस ठरवून घेण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. त्यामुळे नुकत्याच गेलेल्या माणसांची प्रकरणं आधी हाती घ्यायची. जिवंत ज्येष्ठांची मृत्युपत्रं एका शनिवारी चर्चच्या सभागृहात करून घेता येतात, दोन साक्षीदार पुरतात. चार्ल्स्टनमधलं सेंटर फॉर एअर्स प्रॉपर्टी प्रिझर्व्हेशन २००५ पासून हेच काम करतं. भरलेली वंशावळ घेऊन गेलात तर त्यांचे कितीतरी तास वाचतात.

एक गैरसमज घरोघरी भेटतो: 'तीस वर्षं कर मी भरला, म्हणजे जमीन माझी.' तसं होत नाही. कर भरणाऱ्याचा हिस्सा वाढत नाही, पण पावत्या जपाव्यात, खर्चाचा वाटा मागताना त्या लागतात. करातच आणखी एक गळती आहे. मालक स्वतः राहत असलेल्या घरावर दक्षिण कॅरोलिनात मूल्याच्या ४ टक्क्यांवर आकारणी होते, इतर मालमत्तेवर ६ टक्क्यांवर. शिवाय राहत्या घराला शाळांच्या चालू खर्चाचा कर माफ असतो. ६५ वर्षांवरच्यांना घराच्या मूल्यातले पहिले ५०,००० डॉलर वगळून मिळतात. हे काहीही आपोआप लागू होत नाही, अर्ज करावा लागतो, आणि कागद पणजोबांच्या नावावर असला की अर्ज करायची लाज किंवा भीती वाटते. करापोटी लिलाव झालाच तर जमीन सोडवायला बारा महिने असतात. पहिल्या तीन महिन्यांत ३ टक्के व्याज, मग ६, ९ आणि शेवटी १२. मंडळाने दर वर्षी थकबाकीदारांची जाहीर यादी बघून वस्तीतल्या नावांना घरी जाऊन सांगावं. एका माणसाचं दोन संध्याकाळींचं काम आहे. कितीही संग्रहालयं उभारलीत तरी एवढा वारसा वाचणार नाही.

जमिनीचा दुसरा पहारा झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधता येईल या नियमांचा. सेंट हेलेनावर ब्यूफर्ट काउंटीने १९९९ मध्ये सांस्कृतिक संरक्षणाचा एक थर नियमांवर चढवला: गेटबंद वसाहती, रिसॉर्ट, गोल्फ मैदानं यांना मनाई. शेजारच्या हिल्टन हेडवर १९५६ मध्ये पूल झाल्यानंतर काय झालं ते डोळ्यांसमोर होतं. २०२३ मध्ये पाइन आयलंडवर गोल्फ मैदानासाठी हा नियम वाकवायचा प्रयत्न झाला, तो बेटाच्या लोकांनी सभांना गर्दी करून परतवला. त्याच वर्षी जॉर्जियातल्या सापेलो बेटावर, हॉग हॅमकमध्ये, घराची कमाल मर्यादा १,४०० वरून ३,००० चौरस फूट झाली. आकड्यात काय आहे, असं बाहेरच्याला वाटेल. मोठं घर म्हणजे सुट्टीतलं घर. त्याच्या किमतीने शेजाऱ्याचं मूल्यांकन चढतं, कर चढतो आणि पाच-सात वर्षांत शेजारी विकून जातो. मंडळातल्या दोघांनी नियोजन आयोगाच्या प्रत्येक बैठकीची विषयपत्रिका वाचायची, एवढं काम नेमून द्या.

आता दफनभूमी. इथे चांगल्या हेतूने केलेलं नुकसान सर्वांत जास्त. शनिवारी तीस स्वयंसेवक येतात, झुडपं उपटतात, 'कचरा' पिशव्यांत भरतात आणि संध्याकाळी जागा स्वच्छ दिसते. तो कचरा म्हणजे थडग्यावरची मांडणी होती. शिंपले, मुद्दाम फोडलेल्या बशा आणि पेले, दिव्याच्या काचा, थांबवलेलं घड्याळ, औषधाची बाटली: गेलेल्या माणसाने शेवटी वापरलेल्या वस्तू. भांडं फोडतात ते मृत्यूची साखळी तुटावी, घरातला दुसरा मागोमाग जाऊ नये म्हणून, असं ज्येष्ठ सांगतात. युका, सीडार, जमिनीलगत पसरणारा विंका हीदेखील खूणच असते. बेटांवर दफनभूमी पाण्याजवळच्या राईत असते आणि राई दाट असणं हे दुर्लक्षाचं लक्षण असेलच असं नाही.

म्हणून पहिले तीन आठवडे काहीही उचलायचं नाही. फक्त बघायचं, झेंड्या लावायच्या, छायाचित्रं काढायची, तीही सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात. दुपारी खळगे दिसत नाहीत. बिनदगडाची थडगी सुमारे सहा फूट लांब, दोन-तीन फूट रुंद खळग्यांवरून ओळखू येतात, बहुतेक पूर्व-पश्चिम, पाय पूर्वेकडे. मोबाइलचं जीपीएस उघड्यावर तीन-पाच मीटर चुकतं, झाडीखाली त्याहून जास्त, म्हणजे एका थडग्याची नोंद तिसऱ्यावर जाते. दोन पक्क्या खुणांमध्ये दोरी ताणून आधाररेषा आखा, पाच मीटरचे चौकोन पाडा आणि फितीने मापं घ्या. एकदम जुनाट पद्धत आहे आणि ती चुकत नाही. लोखंडी सळई खुपसून थडगी शोधू नका. जमिनीत शिरणाऱ्या रडारचा मोह असेल तर आधी माती बघा: कोरड्या वाळूत ते चांगलं चालतं, खाऱ्या ओल्या चिकणमातीत आंधळं होतं, आणि जाड मुळं थडग्यासारखी दिसतात.

झुडूप काढायचं झालं तर बुंध्याशी कापायचं, उपटायचं नाही. मुळाबरोबर हाडंही वर येतात. दगड धुताना आधी नुसतं पाणी, मऊ ब्रश, खालून वर, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. शेवाळ असेल तर दफनभूमीसाठी वापरतात ते डी-टू द्रावण. ब्लीच, तारेचा ब्रश, दाबाच्या पाण्याची मशीन या तिन्ही गोष्टी गाडीतच राहू द्या. घरी ओतलेली सिमेंटची थडगी, ज्यांत ओल्या सिमेंटवर काडीने नाव कोरलेलं असतं किंवा काचा-आरसे बसवलेले असतात, ती संगमरवरापेक्षा दुर्मीळ. त्यांना पाण्यापलीकडे काही लावू नका. कललेला दगड सरळ करायचा नसतो, तो पडणार असेल तरच आधार द्यायचा.

दफनभूमी आता दुसऱ्याच्या खासगी जमिनीत असेल तर वंशजांना तिथे जायचा हक्क राज्याच्या कायद्याने आहे, मात्र मालकाला लेखी विनंती करावी लागते. ती मंडळाच्या नावाने न करता वंशजाच्या नावाने करा. नकाशा तयार झाला की एक प्रत काउंटीच्या नियोजन कार्यालयात आणि एक राज्याच्या पुरातत्त्व नोंदीत गेली पाहिजे. नोंद नसलेल्या दफनभूमीवरून रस्ता जातो तेव्हा 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर तयार असतं.

मुलाखतींबद्दल. वीस हा आकडा बघून सांगते. सरासरी दीड तास धरला तर तीस तास. एका तासाचं शब्दांकन करायला सहा ते आठ तास लागतात, म्हणजे १८० ते २४० तास. नुसतं टंकन करत सहा आठवडे बसाल. आठ मुलाखती घ्या आणि त्या पूर्ण करा. शब्दांकन नसलेलं ध्वनिमुद्रण कपाटात पडतं, कुणी ऐकत नाही. त्यातल्या निदान चार मुलाखती वस्तीतल्या तरुणांनी घ्याव्यात, तुम्ही फक्त यंत्र सांभाळा. बेटावर जन्मलेल्याला 'बिन-या' आणि बाहेरून आलेल्याला 'कम-या' म्हणतात. कम-या समोर असला की लोक इंग्रजीकडे सरकतात, आणि तुम्हाला हवी ती भाषा तिथेच हरवते.

ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्हीमध्ये, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. दोन वाहिन्यांचा एक तास साधारण एक जीबी होतो, तेव्हा जागेचं रडगाणं नको. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर. एसी आणि फ्रिज बंद. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरणार नाही. रोज रात्री तीन प्रती: एक घराण्याकडे, एक मंडळाकडे, एक बेटाबाहेर. १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत वादळांचा मोसम असतो, आणि तिन्ही प्रती एकाच पुरात बुडालेल्या अजिबात चालणार नाहीत.

संमतीपत्र दोनदा. पहिलं मुलाखतीआधी, दुसरं शब्दांकन वाचून झाल्यावर. दुसऱ्या वेळी माणसं नेमके तीन विषय झाकायला सांगतात: जमिनीचे वाद, झाडांच्या मुळांची औषधं, आणि कोण कुणाचा मुलगा. झाका. 'अमुक वर्षांनी उघडायचं' असा पर्याय पत्रावरच ठेवा. शब्दांकन करताना गुल्लाचं इंग्रजी करू नका. २००५ मध्ये नवा करार गुल्लात छापून आला, त्यातली लेखनपद्धत बहुतेकांच्या घरात पोहोचली आहे, ती पायाला घ्या.

आणि नोंद. आवाजापेक्षा नोंद महत्त्वाची, याचं या किनाऱ्यावरचं उदाहरण सर्वांना पाठ आहे. भाषाशास्त्रज्ञ लोरेन्झो डाउ टर्नर यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्जियातल्या हॅरिस नेकमध्ये अमीलिया डॉली यांच्याकडून एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. अर्थ घरात कुणालाच ठाऊक नव्हता. ते मेंडे भाषेतलं निघालं, अंत्यविधीचं. आणि साठेक वर्षांनी सिएरा लिओनमधल्या सेनेहुन न्गोला गावात तेच गाणं जाणणारी एक बाई भेटली. १९९७ मध्ये अमीलियांची मुलगी मेरी मोरन तिथे जाऊन आल्या. हे जुळलं, कारण टर्नर यांनी गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं होतं; त्या धाग्यावरून मुलगी सापडली. हॅरिस नेकची जमीन मात्र १९४२ मध्ये सरकारने लष्करी विमानतळासाठी घेतली, ती परत मिळाली नाही. १९६२ पासून तिथे वन्यजीव अभयारण्य आहे. गाणं राहिलं, गाव गेलं.

कसबांविषयी एक सावधगिरी. गुल्ला म्हटलं की सगळ्यांना स्वीटग्रास या गवताची टोपली आठवते, पण ती मुख्यतः चार्ल्स्टनजवळच्या माउंट प्लेझंटची, रस्त्याने शंभराहून जास्त किलोमीटर उत्तरेला. तिथे महामार्ग १७ च्या कडेला तिची दुकानं लागतात. सेंट हेलेनाची टोपली बुलरशची, दलदलीतल्या टणक लव्हाळ्याची. पाल्मेटो या ताडासारख्या झाडाच्या पानाच्या पट्टीने बांधलेली, भात पाखडायच्या सुपाच्या वंशातली. ती पेन स्कूलमध्ये मुलग्यांना शिकवली जायची. याखेरीज हाताने विणलेलं फेकजाळं. पर्यटकांना आवडतं म्हणून कार्यशाळेत माउंट प्लेझंटची टोपली शिकवलीत तर बेटाची गोष्ट तुम्हीच पुसाल.

दोन्ही टोपल्या विणत नाहीत, शिवतात. गवताची जुडी वेटोळ्यात फिरवायची आणि पाल्मेटोची पट्टी आधीच्या वेटोळ्यातून ओवून आवळायची. भोक पाडायला 'नेलबोन', म्हणजे बहुधा दांडा ठोकून घासलेला जुना चमचा. स्वीटग्रास उन्हाळ्यात हाताने ओढून काढतात, पातं मुळातून अलगद सुटलं पाहिजे, गड्डा शाबूत राहिला पाहिजे. कापलं तर आखूड पडतं. मग ते काही दिवस वाळवायचं. पाल्मेटोचं मधलं कोवळं पान घ्यायचं, झाडागणिक एखाददुसरंच, कारण झाडाची वाढ तिथूनच होते. अडचण शिकणाऱ्यांची जितकी, तितकीच कच्च्या मालाची: गवत वाळूच्या टेकड्यांमागे उगवतं आणि तिथेच गेटबंद वसाहती झाल्या. मंडळाने वसाहतींशी वर्षातून ठरावीक दिवशी गवत काढू देण्याचा लेखी करार करावा. लागवड करायची तर रोपवाटिकेत मागताना नीट बघा. बागेसाठी विकतात ती गुलाबी तुऱ्याची मुहली (गवताची दुसरी जात) दिसायला जवळची, पण तिचं पातं भरड, टोपलीला नको. शिकवणाऱ्या आजींना तासाचे पैसे द्या, 'सन्मानचिन्ह' नको. शिकणारे चारच घ्या. बारा जणांच्या वर्गात हाताकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

प्रेज हाउसचं थोडक्यात. ती अजून प्रार्थनेची जागा आहे का, हे आधी विचारा. असेल तर संग्रहालयाचा विषय संपला. डागडुजीत क्रम छप्पर, पाण्याचा निचरा, मग जोत्याखालच्या तुळया. खालची पोकळी वाऱ्याला उघडी ठेवा. प्लास्टिकचं आच्छादन भिंतीवर चढवू नका, आत लाकूड कुजतं. बेटावर 'टॅबी'चे, म्हणजे शिंपल्यांचा चुना, वाळू, अख्खे शिंपले आणि पाणी यांचे जुने अवशेष आहेत. कोकणातल्या शिंपल्यांच्या चुन्याची ओळख असेल तर पटकन कळेल: त्याला सिमेंटचा लेप दिला की ओल अडकते आणि मूळ भाग खपल्यांनी निघतो. चुन्यानेच भरा.

पैसा आणि नोंदणी. मंडळाची करमुक्त संस्था लगेच करायची घाई नको. पहिलं वर्ष दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काढा; ती अनुदानातले काही टक्के घेईल, पण हिशेब तिचे. पुढे वर्षाला ५०,००० डॉलरच्या आत जमा आणि अडीच लाखांच्या आत मालमत्ता असेल तर छोटा अर्ज चालतो, शुल्क २७५ डॉलर; मोठ्या अर्जाला ६००. संघराज्याच्या अनुदानासाठी 'सॅम' या सरकारी यादीत नोंदणी आणि तिचा क्रमांक लागतो, त्याला कित्येक आठवडे जातात आणि ती दर वर्षी नवी करावी लागते. राष्ट्रीय उद्यान सेवेची जतन-अनुदानं बहुधा परताव्याची असतात: आधी खर्च करा, पावत्या द्या, मग पैसे. हातात शंभर डॉलर असलेलं मंडळ ५०,००० डॉलर 'मिळवून' ठेकेदाराचं बिल देऊ शकत नाही आणि तिथेच फुटतं. इमारतीला असं अनुदान घेतलं की बहुतेकदा जतनाचा करारही जमिनीच्या दस्ताला जोडावा लागतो. दस्त मयताच्या नावावर असेल तर त्यावर सही कुणाची? म्हणून पुन्हा वंशावळ. खासगी निधींत २०१७ पासूनचा आफ्रिकन अमेरिकन कल्चरल हेरिटेज अ‍ॅक्शन फंड बघा, तो माणसं नेमायला आणि नियोजनालाही पैसे देतो.

तर दहा आठवड्यांत: पहिले दोन नुसते ऐकायला आणि चर्चमध्ये ओळखी करायला, मेळ्याआधी वंशावळीचे तक्ते, दफनभूमीचा नकाशा, आठ मुलाखती, आणि मंडळात चार ठरलेली माणसं. एक कर-यादी बघणारा, एक नियोजन बैठकांचा, एक नोंदी ठेवणारा, एक खजिनदार. प्रत्येकाच्या हाताखाली पंचविशीच्या आतला एक, कारण सगळं काम एकाच आजींच्या डोक्यात असलेली मंडळं त्या आजारी पडल्या की बंद होतात. बँक खात्यावर सह्या दोघांच्या, दोन वेगळ्या घराण्यांच्या. आणि नोंदणी झाल्यावर खजिनदाराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर १५ मे ठळक लिहून द्या: छोट्या संस्थेचं वार्षिक ई-पोस्टकार्ड, म्हणजे करखात्याचं छोटं ऑनलाइन विवरणपत्र, त्या दिवसापर्यंत भरायचं असतं. दहा मिनिटं लागतात, पैसे पडत नाहीत, आणि सलग तीन वर्षं राहिलं तर करमाफी आपोआप रद्द होते.